कार्डावर भलत्याच घराचं भाडं पडलं, तर काय करायचं?

दापोलीला समुद्राजवळ दोन खोल्यांचं घर, तीन रात्री, दिवाळीनंतरचा आठवडा. माझ्या मामेबहिणीने एवढंच बुक केलं होतं. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी रात्री पावणेबाराला तिचा फोन आला. "ताई, मी नाशिकला अंथरुणात आहे आणि माझं कार्ड लिस्बनला फिरतंय!" आधी एक युरोचा मेसेज, चार मिनिटांनी ३८६ युरोचा. व्यापाऱ्याच्या नावाच्या जागी कुठल्याशा हॉलिडे अपार्टमेंटचं पोर्तुगीज नाव. ओटीपी आलेलाच नाही.

कार्ड तिने लगेच बंद केलं, बँकेला फोनही केला. इथवर उत्तम. मग ॲपमधला तक्रारीचा फॉर्म उघडला. त्यात कारण निवडायला यादी होती. तिने मनाशी म्हटलं, लिस्बनच्या घरात मी काही राहिले नाही, म्हणजे 'सेवा मिळाली नाही'. तोच पर्याय दाबला आणि झोपली. वीस दिवसांनी बँकेचं उत्तर आलं: बुकिंगची पावती आणि व्यापाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार पाठवा. जे बुकिंग तिने केलंच नव्हतं, त्याची पावती!

चूक बँकेच्या कारकुनाची नव्हती. 'सेवा मिळाली नाही' याचा कार्डाच्या जगातला अर्थ असा की व्यवहार मीच केला, पैसे मीच दिले, पण घर मिळालं नाही. 'हा व्यवहार मी केलेलाच नाही' ही सर्वस्वी वेगळी तक्रार. तिचे नियम वेगळे, पुरावे वेगळे, मुदतीही वेगळ्या. अशी बरीच प्रकरणं पहिल्या तक्रारीतल्या पहिल्या वाक्यावरच तरतात किंवा अडकतात. म्हणून या लेखात फोन नंबरांपेक्षा त्या वाक्यावर जास्त वेळ घालवणार आहे.

पहिली दहा मिनिटं

बँकेच्या ॲपमध्ये कार्ड तात्पुरतं लॉक करायची सोय असते. ती आधी वापरा. फोन लागायची वाट पाहत बसू नका, कारण एक युरोसारखी छोटी रक्कम ही बहुतेकदा चाचणी असते: कार्ड चालतंय का, हे चोर त्यावरून बघतो. ती उतरली की मोठी रक्कम मागोमाग येते. 'एकच तर युरो, सकाळी बघू' असं म्हणून कूस बदलू नका.

मग मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा. मेसेज डिलीट करू नका.

त्यानंतर बँकेला फोन. नंबर कार्डाच्या पाठीमागचा किंवा ॲपमधला. गुगलवर 'अमुक बँक कस्टमर केअर' असं शोधू नका. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो आणि खोटे नंबर त्याच्यासाठीच टाकून ठेवलेले असतात. खऱ्या बँकेचा माणूस ओटीपी, पिन, सीव्हीव्ही विचारत नाही आणि स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला सांगत नाही. फोनवर कार्ड कायमचं बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा. तक्रार मिळाल्याची पोच क्रमांकासह देणं बँकेवर बंधनकारक आहे. पुढे सगळा खेळ 'कधी कळवलं' यावर चालतो, तेव्हा तो क्रमांक म्हणजे तुमचा सातबारा.

हा प्रकार नक्की कुठला?

कार्ड बंद झालं की आता धावपळ करायचं कारण नाही. पाणी प्या आणि शांतपणे ठरवा की तुमचं प्रकरण कुठल्या खणात बसतं.

पहिला प्रकार बहिणीचा. तुमचा संबंधच नाही; कार्डाचा नंबर कुठूनतरी फुटला आणि कुणीतरी तो भाड्याच्या घरावर वापरला. भारतातल्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, पण परदेशातल्या व्यापाऱ्याने ती मागितलीच नाही तर नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर, कधी त्याहून कमीवरही, काम भागतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या व्यापाऱ्यांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्या जागी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी दिलेला बदली क्रमांक, ठेवावं लागतं. परदेशी साइटवर तुम्ही चार वर्षांपूर्वी ठेवलेलं कार्ड मात्र तिथे तसंच असू शकतं.

दुसरा प्रकार: कार्ड शाबूत आहे, पण तुमच्या भाडे-साइटच्या खात्यात कुणी घुसलं. तिथे कार्ड आधीच जोडलेलं, चोराने नुसतं बुकिंग केलं. हे ओळखायला सोपं आहे. साइटवर लॉगिन करून 'माझी बुकिंगं' बघा, रद्द झालेली आणि लपवलेलीसुद्धा. तुम्ही न केलेलं बुकिंग दिसलं तर खातं फुटलंय.

तिसरा प्रकार म्हणजे बुकिंग तुमचंच, रक्कम नाकबूल. दोनदा कापले, रद्द केल्यावरही कापले, घर सोडल्यावर 'सोफ्याला डाग' म्हणून मागाहून लावले. चीड येते हे खरं, पण ही चोरी नव्हे, व्यापाऱ्याशी असलेला वाद आहे. इथे 'फ्रॉड' लिहिलंत तर व्यापारी तुमचं नाव, ईमेल आणि मुक्कामाची नोंद दाखवून मोकळा होतो आणि तुमची तक्रार खोटी ठरते. बहिणीच्या चुकीची ही उलटी बाजू.

चौथा प्रकार तर पैसे जाण्याचा नव्हेच. घर किंवा हॉटेल अनामत म्हणून काही रक्कम रोखून धरतं. मेसेज मात्र खर्चासारखाच येतो. स्टेटमेंटमध्ये ती 'पेंडिंग' दिसते आणि काही दिवसांनी आपोआप सुटते. माझे एक काका गोव्याच्या हॉटेलातल्या अशा पाच हजारांसाठी थेट पोलीस चौकीत निघाले होते. घरातल्या कुणी तुमचं कार्ड वापरलंय का, हेही याच वेळी विचारून घ्या. मुलाने मित्रांसोबत लोणावळ्याचा बंगला घेतला आणि बापाने बँकेत 'फ्रॉड' लिहून दिलं, की निस्तरताना दोघांची अडचण होते.

पाचवा प्रकार सगळ्यात अवघड: ओटीपी तुम्हीच दिला, पण फसवणुकीने.

हॉटेलच्याच खात्यातून आलेला खोटा मेसेज

या पाचव्या प्रकारावर थोडं थांबते, कारण इथे सावध माणसंही पडतात. मेसेज येतो तो खऱ्या बुकिंग ॲपच्या आत, तुम्ही ज्या हॉटेलशी बोलत होतात त्याच संवादात. तारखा बरोबर, नाव बरोबर. मजकूर असा: 'तुमच्या कार्डाची पडताळणी झालेली नाही, १२ तासांत खालील दुव्यावर पूर्ण करा, अन्यथा बुकिंग रद्द.' दुवा उघडल्यावर साइट हुबेहूब तशीच. हे शक्य होतं, कारण चोराने तुमच्यावर नव्हे, हॉटेलवर डाव टाकलेला असतो. रिसेप्शनवरच्या कर्मचाऱ्याला फसवून हॉटेलचं लॉगिन मिळवलं की सगळ्या पाहुण्यांची यादी हातात.

ही युक्ती जुनी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या ४० हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांकडून फोनवर अशीच लॉगिनची माहिती काढून घेण्यात आली आणि बुकिंग डॉट कॉमवरून बुकिंग केलेल्या ४,१०९ पाहुण्यांचा तपशील चोरांच्या हाती गेला. त्यातल्या २८३ जणांची कार्डाची माहिती होती आणि ९७ जणांचा तर सीव्हीव्हीसुद्धा. ही बाब वेळेत कळवली नाही म्हणून नेदरलँड्सच्या माहिती संरक्षण यंत्रणेने २०२१ मध्ये कंपनीला ४ लाख ७५ हजार युरोंचा दंड केला.

आपल्याकडे बनावट साइटचा प्रकार जास्त चालतो. चारधामची गेस्टहाऊसं, केदारनाथचं हेलिकॉप्टर, यात्रेकरूंसाठीची हॉटेलं यांच्या खोट्या साइटींबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अलिबाग-लोणावळ्याच्या बंगल्यांचे फोटो चोरून तशीच दुकानं थाटली जातात.

ओटीपी दिला असेल तर बँकेपासून लपवू नका. बँकेकडे नोंद असते, खोटं दोन मिनिटांत उघडं पडतं. 'पडताळणीसाठी म्हणून माझ्याकडून ओटीपी घेतला, खर्चाला मी मंजुरी दिली नव्हती' असं सरळ लिहा. पैसे मिळण्याची शक्यता कमी होते हे खरंच. पण म्हणूनच इथे पुढचं पाऊल तासाभरात टाकायचं.

१९३०

फसवणुकीने पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. या यंत्रणेला बँका जोडलेल्या आहेत. पैसा चोराच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी तो गोठवता आला तर उत्तम, आणि तो सरकायला फार वेळ लागत नाही. ओटीपी दिलेला असेल किंवा पैसे भारतातल्या बनावट साइटला गेले असतील, तर बँकेच्या फोनपाठोपाठ हाच फोन. कार्डाऐवजी यूपीआयने पैसे पाठवले असतील तरीही हाच रस्ता.

लिस्बनसारख्या प्रकरणात १९३० मुळे पैसे अडतील अशी फारशी आशा नको, तरी तक्रार करा. बँक पुढे पोलीस तक्रारीची प्रत मागू शकते. ठाण्यात 'आमची हद्द नाही' असं ऐकावं लागलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे बोट दाखवा: गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावी लागते.

बँकेला लिहायचं पत्र

फोन झाला तरी लेखी तक्रार हवीच, ईमेलने किंवा ॲपमधून. रागाच्या भरात लोक दोन पानं लिहितात: पंधरा वर्षांपासूनचा ग्राहक आहे, मनस्ताप झाला, वगैरे. वाचणाऱ्याला त्यातलं काही लागत नाही. पहिल्या प्रकारासाठी बहिणीचं दुसरं पत्र साधारण असं होतं:

'माझ्या अमुक शेवटचे चार अंक असलेल्या क्रेडिट कार्डावर अमुक तारखेला रात्री ११:३८ वाजता १ युरो व ११:४२ वाजता ३८६ युरो असे दोन व्यवहार झाले. हे दोन्ही व्यवहार मी केलेले नाहीत, त्यांना मंजुरी दिलेली नाही व मला कोणताही ओटीपी आलेला नाही. कार्ड माझ्याच ताब्यात होते. त्याच रात्री मी फोनवर कळवले, तक्रार क्रमांक अमुक. ॲपमधील फॉर्मवर चुकून "सेवा मिळाली नाही" हे कारण निवडले गेले. ते रद्द समजून ही तक्रार अनधिकृत व्यवहार म्हणून नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार रक्कम तात्पुरती जमा करावी.'

बस. मराठीत लिहा की इंग्रजीत, वाक्यं एवढीच.

तिसऱ्या प्रकाराचं पत्र वेगळं. तिथे 'बुकिंग मी केलं होतं' या कबुलीनेच सुरुवात करायची, मग रद्द केल्याची तारीख, साइटवरची रद्द करण्याची अट त्या दिवशी काय होती त्याचा स्क्रीनशॉट, व्यापाऱ्याकडे पैसे मागितल्याचा ईमेल आणि त्याचं उत्तर. व्यापाऱ्याकडे आधी मागितल्याशिवाय असा वाद सहसा पुढे जात नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात घर सोडतानाचे फोटो कामाला येतात. मी तर हल्ली चावी ठेवण्याआधी प्रत्येक खोलीत मोबाइल फिरवून व्हिडिओ घेते. घरचे हसतात.

दिवस मोजायचे कसे

२०१७ च्या त्या परिपत्रकात ग्राहकाने किती तोटा सोसायचा याची पायरी आहे. चूक बँकेची असेल तर तुम्ही कळवा न कळवा, तोटा शून्य. चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, मधल्याच कुठूनतरी माहिती फुटली, असं असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तोटा शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास मर्यादा येते: साधं बचत खातं किंवा ५ लाखांपर्यंत मर्यादेचं क्रेडिट कार्ड असेल तर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला २५,०००. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळं. तुमच्याच निष्काळजीपणाने गेलं असेल तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं काम मात्र बँकेचं, तुमचं नव्हे.

मेसेज आला तो दिवस धरायचा नाही आणि दिवस तुमच्या शाखेच्या कामकाजाचे. गुरुवारी रात्री मेसेज आला, शुक्रवार पहिला दिवस. शनिवार महिन्यातला दुसरा असेल तर सुट्टी, रविवार सुट्टी, सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. म्हणजे मंगळवारपर्यंत मुभा आहे. पण हा हिशेब उशीर झालेल्यांसाठी; हातात वेळ आहे म्हणून थांबण्यासाठी नाही.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. तात्पुरती जमा म्हणजे खर्चायला मिळालेले पैसे समजू नका. क्रेडिट कार्डाच्या बिलात ती वादातली रक्कम फ्रॉड म्हणून नोंदलेली असेल तर निकाल लागेपर्यंत तिच्यावर शुल्क लावता येत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेत भरा. रागाने सगळंच बिल थांबवणारे लोक नंतर सिबिलच्या नावाने रडतात.

तिसऱ्या प्रकाराला हे परिपत्रक लागू नाही. तिथे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांचे चार्जबॅकचे, म्हणजे बँकेमार्फत व्यापाऱ्याकडून पैसे परत मागण्याचे, नियम चालतात. व्हिसा-मास्टरकार्डमध्ये साधारण १२० दिवसांची मुदत असते, आणि सेवा पुढच्या तारखेची असेल तर ती मोजणी सहसा त्या तारखेपासून. म्हणून मार्चात पैसे भरलेलं आणि नोव्हेंबरात न मिळालेलं घर अजून हातचं गेलेलं नसतं. 'मुदत संपली' असं काउंटरवर ऐकलं तर मुक्कामाची तारीख दाखवा.

साइटशी काय बोलायचं

बँकेच्या जोडीने भाडे-साइटलाही कळवा, विशेषतः दुसऱ्या प्रकारात. पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, खात्याला जोडलेला ईमेल आणि फोन नंबर अजून तुमचाच आहे ना ते बघा, कार्ड काढून टाका. आणि हो, ईमेलचा पासवर्डसुद्धा. चोर बहुतेक तिकडूनच आलेला असतो.

साइटवर तुमचं खातंच नसेल तरी कळवता येतं. कार्डाचे पहिले सहा आणि शेवटचे चार अंक, तारीख, रक्कम एवढ्यावर त्यांना व्यवहार सापडतो. पूर्ण नंबर कधीही देऊ नका, कार्डाचा फोटो तर नाहीच. ते बुकिंग कुणाच्या नावावर होतं हे ते तुम्हाला सांगणार नाहीत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुक्काम अजून व्हायचा असेल तर ते बुकिंग रद्द होऊ शकतं, म्हणून लगेच कळवायचं.

इथे एक अडचण आहे. साइट म्हणते, आम्ही परतावा देतो, बँकेतली तक्रार मागे घ्या. मागे घेऊ नका. पैसे खरोखर जमा झाल्यावरच बँकेला कळवा की परतावा मिळाला. उलट दोन्हीकडून पैसे आले तर गप्प बसू नका. एक जमा काही आठवड्यांनी उलटी फिरते आणि तेव्हा तुम्हीच संशयित दिसता.

बँक नाही म्हणाली तर

नकाराचं नेहमीचं वाक्य असतं: 'व्यवहार सुरक्षित पद्धतीने झाला आहे.' लेखी विचारा, ओटीपी कुठल्या नंबरवर, किती वाजता गेला आणि कुठल्या उपकरणावरून टाकला गेला. क्रेडिट कार्डाच्या बिलावर हरकत घेतली तर लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा ३० दिवसांत द्यावा, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. पुष्कळदा या प्रश्नाचं उत्तर शोधतानाच बँकेला आपली चूक सापडते.

बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे वरची पायरी चढा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पत्त्यावर ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर. वाद साइटशी किंवा घरमालकाशी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही.

कार्डाची कुलपं

बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद-चालू करायचं बटण असतं. मार्च २०२० पासून नवीन कार्डांवर ही सोय बंद अवस्थेतच येते. आपणच कधीतरी एखाद्या सहलीसाठी चालू करतो आणि विसरतो. बहिणीने २०२३ मध्ये दुबईच्या तिकिटासाठी चालू केलं होतं. बुकिंगपुरतं चालू करा, झालं की बंद. ऑनलाइन बुकिंगसाठी कमी मर्यादेचं वेगळं क्रेडिट कार्ड ठेवा, डेबिट कार्ड जोडूच नका. डेबिट कार्डावरून गेले तर ते थेट पगाराच्या खात्यातून जातात आणि भांडण स्वतःचे पैसे अडकवून लढावं लागतं.

आणि मेसेजमधून आलेल्या दुव्यावर कार्ड टाकायचं नाही, मेसेज कितीही खऱ्या ॲपमधून आलेला असो. घराला स्वतः फोन करा.

पैसे आले, आता हिशेब

दुसरं पत्र गेल्यावर बहिणीचे पैसे तात्पुरते जमा झाले आणि पुढे कायमही झाले. पहिल्या रात्रीच्या फोनची नोंद बँकेकडे होती म्हणून चुकीच्या पर्यायात गेलेले वीस दिवस तिच्या अंगावर आले नाहीत. ती आनंदात होती. मी तिला स्टेटमेंट पाठवायला सांगितलं.

३८६ युरोंचे ३९,८०० रुपये परत आले होते. पण मूळ बिलात त्यावर ३.५ टक्के परकीय चलन शुल्क, म्हणजे १,३९३ रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, २५१ रुपये, हेही लागले होते. ते दोन आकडे वेगळ्या ओळींवर होते आणि तिथेच राहिले होते. व्यवहारच अनधिकृत, तर त्याचं शुल्क कसलं? एका ओळीचा ईमेल गेला, जुन्या तक्रार क्रमांकासह. १,६४४ रुपये पुढच्या बिलात जमा झाले. एक युरोचा व्यवहार तपासायला मात्र आम्ही दोघीही विसरलो.